दोन उन्हांचा जवळा

गेटवरच्या रखवालदाराने आधी एक दीर्घ श्वास घेतला आणि मग हात आडवा धरला.

"माताजी, आप अंदर नहीं जा सकतीं।"

जमना जागच्या जागी थांबली. मागून लंगडत येणारी नलू तिच्या पाठीवर आदळली. मुरब्याहून एस.टी.ने बोईसर, तिथून शेअर रिक्षाने कारखान्यांच्या वसाहतीतलं हे गेट, एवढी यातायात करून दोघी शेजारणी आल्या होत्या आणि हा माणूस नाकाशी रुमाल धरून उभा होता. जमनाला त्या आविर्भावाची चांगली ओळख होती. सुक्या मासळीची पाटी घेऊन एस.टी.त चढताना तिने तो कितीतरी चेहऱ्यांवर पाहिला होता. पण आज पाटी नव्हती. आज ठेवणीतली निळी साडी होती, अंबाड्यावर गजरा होता, आणि तरीही हे असं.

"का? मासळीवाल्या हाय म्हणून?" तिने आवाज चढवला. आवाज चढवायला तिला कधीच कष्ट पडत नसत. बाजारात पुटपुटणाऱ्या बाईची मासळी संध्याकाळपर्यंत तशीच पडून राहते. "माझी पोरगी हाय आत. दीपिका पागधरे. बोलव तिला!"

"मछली की बात नहीं है, माताजी। खुशबू। आपने सेंट लगाया है। यहाँ सेंट मना है।"

जमनाने नलूकडे पाहिलं, नलूने जमनाकडे. त्या वाक्याचा अर्थ लागायला दोघींना जरा वेळ लागला. वासावरून त्यांना आजवर पुष्कळ जणांनी अडवलं होतं. फार चांगला वास येतो म्हणून अडवणारा मात्र हा पहिलाच निघाला.

तेवढ्यात दीपिका धावत आली. अंगात पांढरा कोट, केस जाळीच्या टोपीत कोंबलेले, चेहरा हसरा. खाण्यापिण्याच्या वस्तूंसाठी स्वाद आणि सुगंध बनवणाऱ्या या कंपनीत ती नोकरीला लागल्यापासून दरवर्षी एक शनिवार घरच्यांसाठी असायचा. इतरांचे आईबाप, बायकापोरं येऊन सगळं बघून जायची. जमनाला दरवर्षी त्याच शनिवारी काहीतरी काम निघायचं. यंदा मात्र तिने स्वतःहून फोन केला होता, "येते मी. नलू पन येते." तेव्हापासून दीपिकाचे पाय जमिनीवर नव्हते. मात्र आता आईपासून दोन हातांवर येताच तीही थबकली. चंदनाचा साबण, मोगरा, पावडर आणि या सगळ्यांवर वरचढ ठरणारं गुलाबाचं कडक अत्तर. शिवाय कुठूनतरी निलगिरी.

"आय, हे काय ग लावून आलीस?"

"तूच सांगितलंस ना फोनवर," जमना म्हणाली. रागाखाली दुखावलेपण होतं आणि ते लपत नव्हतं. "येताना वास येनार नाय असं बघ, म्हणालीस. तीनदा अंघोळ केली. डोकं धुतलं. पालघरहून अत्तर आणलं. हिला पन लावलं. आता आनखी काय कातडी सोलून येऊ?"

दीपिका तसं म्हणाली होती खरी. अक्षरशः त्याच शब्दांत.

"आय, मी अत्तराचं नि गजऱ्याचंच म्हणत होते ग. आत वासाचंच काम चालतं. बाहेरचा सुवास आला का आमची नाकं फसतात."

"मग तसं सांगायचं. वास म्हटलं का आमाला येकच वास म्हायत."

रखवालदाराला मराठी फारशी येत नव्हती. पण हे त्याला कळलं असावं. त्याने रुमाल खिशात घातला आणि उगाचच फाटकाची कडी नीट करू लागला.

"आणि हा निलगिरीचा कुठून येतोय?" दीपिकाने विचारलं.

"बाम हाय माझा," नलू म्हणाली. "गुडग्याला. तुला दाखवायचाय ना, म्हणून सकाळीच चोळून ठेवला."

आपल्याला गुडघा कशाला दाखवायचा, हे दीपिकाच्या लक्षात आलं नाही. तिने दोघींना गेटशेजारच्या बायकांच्या न्हाणीघरात नेलं, बिनवासाच्या साबणाची बाटली काढली आणि आईचे हात आपल्या हातात घेऊन धुवायला सुरुवात केली. मनगटं, कोपर, मान, कानांच्या मागे. जमना बाह्या वर करून निमूट उभी राहिली. असं तिला कोणी धुतल्याला जमाना लोटला होता. दीपिकाने गजरा सोडवला आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पिशवीला गाठ मारली. साडीवरचं अत्तर काही निघेना, तेव्हा तिने आतून दोन लांब कोट आणले आणि गळ्यापर्यंत बटणं लावून दिली. नलूने गुडघा स्वतःच खसखसून धुतला.

कोट घातलेल्या आपल्या रूपाकडे आरशात बघून नलू खूश झाली. मग तिने बगलेतल्या पिशवीतून एक्स-रेची मोठी काळी फिल्म बाहेर काढली आणि दिव्यासमोर धरली.

"घे, बघून घे, डॉक्टरीणबाई. पालघरचा तो हाडांचा म्हणतो ऑपरेशन. मी म्हटलं, आमची दीपी येवढी मोठी डॉक्टर बसलीय कंपनीच्या दवाखान्यात, तिला दाखवल्याबगर मी कोणाला हात लावू देनार नाय. सहा महिने जमनीच्या मागं लागलेय. आज कुटं घेऊन आली."

दीपिकाने आईकडे पाहिलं. जमना नळाकडे बघत होती.

मग सगळं एकदम कळलं. आई यंदाच का आली ते कळलं, आणि एकटी का आली नाही तेही. गावात लग्नाला, साखरपुड्याला गेल्यावर म्हाताऱ्या दीपिकाच्या हातात हात देऊन "बघ ग, नाडी बघ" असं म्हणायच्या आणि ती थट्टा समजून हसायची, ती थट्टा नव्हती. घराचे पत्रे जाऊन वर स्लॅब आला तेव्हा जमनाने गावाला काय सांगितलं असेल, तेही तिला आता ऐकू आलं. डॉक्टरांना पगार असतोच तसा.

दीपिकाला राग आला. चांगलाच आला. वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा तिने दोनदा दिली होती आणि दोन्ही वेळा थोडक्यात हुकली होती. तिसऱ्यांदा फॉर्म भरायला जमनाने कानातल्या कुड्या काढून दिल्या, त्या तिने परत केल्या. पालघरच्या कॉलेजात रसायनशास्त्र घेतलं, मुंबईला जाऊन स्वाद-सुगंधाचं तंत्रज्ञान शिकली, शंभरावर उमेदवारांतून या कंपनीने तिला उचललं. यातल्या कशाचीही तिला लाज नव्हती. लाज वाटणारं माणूस वेगळंच होतं आणि ते आता बिनवासाच्या साबणाने धुतलेले हात पदराला पुसत होतं. हात कोरडे झाले तरी पुसतच होतं.

हो म्हणणं सोपं होतं. फिल्म हातात घ्यायची, भुवया उंचवायच्या, कॅल्शियम घ्या म्हणायचं. नलूमावशी खूश, आई खूश. आणि सोमवारी मुरब्याची निम्मी गुडघेदुखी गेटवर.

"नलूमावशी," दीपिका म्हणाली, "मी डॉक्टर नाय."

"आं?"

"नाय मी डॉक्टर. कधीच नव्हते. मला ह्यातलं काय कळत नाय. पालघरच्या डॉक्टरांनी सांगितलंय ते ऐक. नायतर आनखी येकाला दाखवू, मी नंबर लावते नि तुझ्यासोबत येते. पन माझ्या भरोशावर गुडगा ठेवू नको."

नलूने फिल्म हळूहळू खाली केली. जमनाकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, कुतूहलच जास्त होतं. इतकी वर्षं शेजारी राहून ही बया एवढं मोठं पोटात ठेवू शकते, याचं तिला कौतुक वाटलं असावं.

"चल नलू," जमना म्हणाली. आवाज इतका खाली आला होता की नलूलाही तो अनोळखी वाटला. "घरला चल."

"आय—"

"परक्याच्या दारात माझं नाक कापलंस तू, दीपे. घरी सांगितलं असतंस, मी ऐकलं असतं. दोन मिंटं हो म्हणाली असतीस तर काय झिजली असतीस?"

"आणि मावशीचा गुडगा गेला असता तर?"

जमना कोट काढायला लागली. वरचं बटण निघेना.

"आय, ह्या नाकावरच माझं पोट हाय," दीपिका म्हणाली. "तुझं कापलं असंल, पन माझं येकदा बघ तरी. मी काय करते ते तू कधी इचारलंच नायस. येकदाबी नाय."

जमनाची बोटं बटणावर थांबली. पण तिने मान काही वर केली नाही.

कोंडी फोडली ती नलूने. "आत पंखा हाय का ग?"

"एसी हाय."

"मग मी काय अशी परत जानार नाय. लंगडत आलेय येवढी. डॉक्टर नाय तर नाय, काय हाय ते तर बघू दे. चल जमने."

दीपिकाची प्रयोगशाळा पहिल्या मजल्यावर होती. तिच्या टेबलाभोवती तीन बाजूंनी पायऱ्या-पायऱ्यांचे लाकडी कप्पे होते आणि त्यांत तपकिरी बाटल्या दाटीवाटीने बसवलेल्या होत्या. नलू खुर्चीत बसली, पाय लांब केला आणि तिने आजूबाजूला हुकमी नजर टाकली. जमना खिडकीपाशी गेली आणि बाहेरच्या टाक्यांकडे तोंड करून उभी राहिली.

दीपिकाने कागदाची एक अरुंद पट्टी एका बाटलीत बुडवली, दोनदा हवेत हलवली आणि नलूच्या नाकाखाली धरली.

"लिंबू!" नलू म्हणाली.

"आणि हे?"

"फणस. पिकलेला. नाय, जास्त पिकलेला."

"हे?"

"अग बाय, हा तर पावसाआधीच्या मातीचा!" नलू हरखून गेली. "हा बाटलीत कोणी भरला?"

"आमीच भरतो. आधी खऱ्या वस्तूचा वास मशीनमदी घालतो. मशीन त्याचे तुकडे करून सांगते, ह्यात काय काय हाय. मग ते येकेक घेऊन मी जुळवते. मशीन तुकडे सांगते, पन जुळवून दाखवत नाय. ते नाकानं करावं लागतं."

"म्हणून तू सकाळची मासळी खात नायस?" नलूने विचारलं. "जमनी तर म्हणते, पोरगी मोठी झाली, तिला आता आमचं कालवन चालत नाय."

खिडकीपाशी हालचाल झाली नाही.

"कामाच्या दिवशी नाय खात. बोटांवर वास ऱ्हातो. शनवारी रात्री घरी येऊन मी किती खाते ते आयला इचार."

नलूने ते विचारलं नाही. तिला आता वेगळाच नाद लागला होता. काचेपलीकडे माणसं काम करत होती, ती एकेकाकडे बोट दाखवू लागली.

"तो चश्मेवाला? तो डॉक्टर हाय?"

"नाय. तो कैलास, जव्हारचा. ते तुकडे करनारं मशीन तोच चालवतो. रसायनशास्त्र शिकलाय."

"नि ती उंच पोरगी?"

"हेमाली. ती जंतू बघते. बनवलेला माल किती दिवस टिकेल, कधी नासेल, ते ती सांगते. तिच्या सहीबगर येक डबा बाहेर जात नाय."

"तीबी डॉक्टर नाय?"

"नाय."

"मग हितं डॉक्टर हाय तरी कोण?"

"दवाखान्यात येक येतात. आठवड्यातनं दोनदा."

मग मुरब्यात ज्या प्रश्नाला कोणी वाईट मानत नाही, तो नलूने सरळ विचारला.

"मग पगार?"

दीपिका हसली. "त्या आठवड्यातनं दोनदा येनाऱ्यांना इचार, ते माझ्याशी बदलून घ्यायला तयार हायेत का. हो म्हणतील."

"नुसता वास घेन्याचा?"

"घेन्याचा नि करन्याचा."

"जमने, ऐकलंस का ग?" नलू ओरडली. "आपन जनमभर फुकट घेतला!"

जमनाने ऐकलं होतं. तिच्या खांद्यांवरून ते दिसत होतं. पण वळायची तिची तयारी नव्हती. तिला मुलीचा पगार कमी वाटत नव्हता. अडचण वेगळी होती. डॉक्टर म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही, आणि हे असलं काम कोणाला कसं सांगायचं? मासळी बाजारात भावाच्या घाईत कोणी विचारलं, पोरगी काय करते ग, तर एका शब्दात द्यायला उत्तर नव्हतं. म्हणून तिने जवळ होता तो शब्द दिला होता.

आई वळत नाही म्हटल्यावर दीपिकानेही नाद सोडला. ती पट्ट्या गोळा करून झाकणाच्या डब्यात टाकू लागली. नलू मात्र रंगात आली होती. दीपिकाची पाठ वळलेली बघून तिने टेबलाच्या कडेला वेगळी ठेवलेली एक छोटी बाटली उचलली, झाकण फिरवलं आणि एक पट्टी आत बुडवून बाहेर काढली.

"मावशी, ती नको!"

ती बाटली दीपिका आज दाखवणार नव्हती. पाकिटातल्या नूडल्ससारख्या शेवया विकणाऱ्या एका मोठ्या कंपनीला सुक्या मासळीच्या स्वादाचा मसाला हवा होता आणि दिवाळीपासून ती त्याच्यामागे होती. सुरुवातीचे सगळे प्रयत्न चाखून बघणाऱ्यांनी एकाच शब्दात मोडीत काढले होते: "खोटं." आता ते तसं म्हणत नव्हते. मंगळवारी गिऱ्हाईक येणार होतं. दीपिकाला खात्री होती. पण या खात्रीला आईच्या नाकाखालून न्यायचं धाडस तिला होत नव्हतं. आई हसली असती तर तिने सगळं पुन्हा पहिल्यापासून केलं असतं.

नलूच्या हातातली पट्टी एसीच्या झोतात होती.

खिडकीपाशी जमनाची मान एकदम वळली. मग ती सगळीच वळली. तिने आधी टेबलाखाली पाहिलं, मग दाराकडे, मग नलूच्या पिशवीकडे.

"जवळा कोणी आणलाय?"

नलूने हातातल्या पट्टीकडे पाहिलं.

"नलू, तू आणलास? बंद पिशवीत घातलास काय, येडे?" ती तरातरा पुढे आली. "अजून ओल हाय त्याला. दोन उन्हं लागलीत, तिसरं लागायचंय. असा कोंडून ठेवलास तर रातपर्यंत कुबट होईल. काढ भायेर, पसर कागदावर." तिने खरोखरच नलूची पिशवी ओढून उघडली. आत एक्स-रे होता, पाण्याची बाटली होती आणि बामाची डबी. "कुठाय मग?"

"आय," दीपिका म्हणाली. "जवळा नाय इथं."

"नाक हाय मला."

"म्हायताय मला. पन जवळा नाय. हे बघ." तिने नलूच्या हातातली पट्टी घेतली आणि आईपुढे धरली. "हा मी केलाय. ह्या बाटल्यांतून."

जमनाने पट्टी घेतली. नाकाशी नेली, दूर धरली, पुन्हा नेली. डोळे मिटले. दीपिका तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. भरती उतरल्यावरच्या ओल्या वाळूचा वास त्यात होता. जाळ्याचा होता. जवळा, ती बारीक सुकी कोलंबी, दाताखाली आल्यावर जो किंचित गोडवा येतो, तो होता. ते सगळं तिने एकेक करून घातलं होतं. कुठल्याही पुस्तकात नसलेलं प्रमाण शोधून घातलं होतं.

"आपल्या खळ्यावरचा हाय," जमना डोळे न उघडता म्हणाली. "सातपाटीचा नाय. तिकडचा वायला लागतो."

"आपल्याच खळ्याचा. शाळेतनं आल्यावर तू मला वाळत घातलेला राखायला बसवायचीस ना, तवाचा."

आयुष्यात कुठल्याही परीक्षेत दीपिकाला इतके गुण मिळाले नव्हते. तिला रडू आलं आणि हसूही आलं, आणि नलूने तर टाळीच वाजवली. जमना मात्र हसली नाही. तिने डोळे उघडून पट्टी उलटीसुलटी करून पाहिली. पांढरा कोरा कागद.

"ह्यात येक दानाबी नाय जवळ्याचा?"

"नाय."

"मग माझा कोण घेईल?"

नलूची टाळी अर्ध्यावर थांबली.

दीपिकाने हा प्रश्न स्वतःला विचारला नव्हता असं नाही. त्याचं छानसं उत्तर तयार करून ठेवायची वेळ मात्र आली नव्हती.

"तुझा घेतात ते तुझाच घेतील, आय. वासानं पोट भरत नाय. हा त्यांच्यासाठी, ज्यांच्या मुलखात जवळा कधी पोचतच नाय. पाकिटातल्या शेवयांत चिमूटभर मसाला, बस." ती थांबली. "पन पुढं काय होईल ते मला म्हायत नाय. खोटं नाय सांगत."

जमनाने मान हलवली. आज दुसऱ्यांदा पोरीने तिला तोंडावर खरं सांगितलं होतं. ती नलूच्या शेजारच्या खुर्चीत बसली. इथे आल्यापासून पहिल्यांदाच बसली. पट्टी तिच्या हातातच होती.

"गिऱ्हाईक कोण?"

"मोठी कंपनी हाय. मंगळवारी माणसं येनार हायेत."

"त्यांना म्हायताय जवळा कसा असतो?"

"त्यांनी नमुना पाठवलेला, परदेशी सुक्या कोलंबीचा. त्यांना तसला पाहिजे होता. मी म्हटलं, तसला पन देते, नि येक माझा देते."

"नि भाव?"

दीपिकाने भाव सांगितला. जमनाने तो पुन्हा सांगायला लावला.

"पाटीचा?"

"किलोचा."

जमनाचे डोळे बारीक झाले. दीपिकाला ती नजर ओळखीची होती. बाजारात वाटे लावून बसलेली आई समोरच्या गिऱ्हाइकाला जोखायची ती हीच.

"नि येवढ्यात सोडनार?"

"आय, भाव मी नाय ठरवत. ते विक्रीवाले—"

"मग त्यांना सांग. पयला भाव आपन बोलायचा नाय. वास द्यायचा नि गप ऱ्हायचं. गिऱ्हाईक दुसऱ्यांदा वाकलं का समजायचं, हे आता घेतल्याबगर उठत नाय. नि तो परदेशी आधी दे. तो पचपचीत लागला पायजे. मग हा काढ." तिने पट्टी पुन्हा एकदा नाकाशी नेली. "वर फुकट देऊ नको. आमी मूठभर वर घालतो, ती रोजच्या गिऱ्हाइकाला. ह्यांना कशाला?"

"बरं."

"बरं नको म्हणू. सांग त्यांना."

"सांगते, आय."

काचेपलीकडून कैलास काय चाललंय ते बघत होता. दीपिकाने त्याला आत बोलावलं आणि आईची ओळख करून दिली. जमनाने त्याला आपादमस्तक न्याहाळलं, मशीन तूच चालवतोस काय म्हणून विचारलं, आणि जव्हारहून रोज येतोस की इथेच राहतोस याचीही चौकशी केली. नलूने त्याला गुडघ्याचं सांगितलं. तो डॉक्टर नाही, हे तिला माहीत होतं. पण आता फिल्म काढलीच होती.

दुपारी त्या निघाल्या तेव्हा दीपिका गेटपर्यंत सोडायला आली. पुढच्या आठवड्यात पालघरला दुसऱ्या डॉक्टरांकडे जायचं पक्कं झालं होतं, दीपिका रजा काढणार होती. कोट परत दिले गेले. रखवालदाराने या वेळी फाटक पूर्ण उघडलं. तिघी रस्त्याच्या कडेला रिक्षाची वाट बघत उभ्या राहिल्या. टँकर जात होते आणि धूळ उडत होती.

नलू बराच वेळ काहीतरी घोळवत होती. शेवटी तिला राहवेना.

"जमने, एक सांग. गावात बाया इचारतील, बघून आलीस काय दीपीचा दवाखाना. मी काय सांगू ग त्यांना? डॉक्टर नाय म्हणून सांगू?"

दीपिकाने आईकडे पाहिलं नाही. तिने रस्त्याकडेच नजर ठेवली आणि श्वास रोखून धरला.

रिक्षा आली. जमनाने आधी नलूला हाताला धरून आत बसवलं, तिचा पाय उचलून नीट ठेवला. मग स्वतः चढली, पदर सावरला आणि सगळ्या रिक्षाला ऐकू जाईल अशा, बाजारातल्या आवाजात म्हणाली,

"सांग, पोरगी आयशीसारका जवळाच इकते. तिला ऊन लागत नाय, येवढंच."